गंगा-जमुनेची मुले

नागपूरच्या इतवारी भागात, लकडगंज पोलीस ठाण्याच्या हद्दीत, 'गंगा-जमुना' ह्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी वस्ती आहे. दोन पवित्र नद्यांची नावे लाभलेल्या ह्या गल्ल्यांचा उल्लेख शहरातील सभ्य कुटुंबांत सहसा मोठ्याने होत नाही. देहविक्रयाची वस्ती एवढीच तिची ओळख. आणि तिच्याविषयी जेव्हा जेव्हा चर्चा झाली, तेव्हा ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरली, की ही वस्ती येथे असावी की नसावी. इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभा राहणारा प्रश्न मात्र निराळा आहे. एखाद्या स्त्रीला कोणी फसवून अथवा विकत घेऊन अशा गल्लीत आणून सोडतो, हा उघड गुन्हा होय. परंतु त्या स्त्रीची मुलगीही पुढे त्याच उंबरठ्यावर का उभी राहते? तिला तर कोणी बाहेरगावाहून पळवून आणलेले नसते. आईचे दास्य लेकीकडे कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट आजवर कोणी, कोठे आणि कशी अडविली, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मनुष्याची विक्री आपल्याकडे नवी नाही. पेशवाईच्या दप्तरांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द वारंवार आढळतात. येथे कुणबीण म्हणजे कुणब्याची स्त्री नव्हे. विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली किंवा शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली दासी, असा त्या शब्दाचा अर्थ होता. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या मुली, आणि व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रिया, अशा अनेक वाटांनी ह्या दासी सरकारच्या कोठीत, पागेत, किल्ल्यावर आणि सरदारांच्या वाड्यांत येत. त्यांच्या मुलांना 'लेकावळे' असे वेगळे नाव होते. दावणीच्या गाईचे वासरू ज्याची गाय त्याचे, हाच न्याय माणसांना लावलेला होता. कुणबिणीच्या पोटी जन्मलेली मुलगी कोणत्याही खरेदीखतावाचून धन्याच्या मालमत्तेत जमा होई.

इंग्रजी अमलात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्क न्यायालयात मान्य करणे बंद झाले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलीची विक्री करणे आणि तिला विकत घेणे, हे दोन्ही गुन्हे ठरविले. कागदोपत्री दास्य संपले. प्रत्यक्षात खरेदीखताची जागा कर्जाने घेतली. मुलीला आणणाऱ्या दलालाला कोठीवाली जी रक्कम देते, ती मुलीच्याच नावे उचल म्हणून लिहिली जाते. तिच्यावर व्याज चढते. अन्न, कपडे, औषधपाणी ह्यांचा खर्च त्यात मिळविला जातो. मूल झाले की बाळंतपणाचा खर्चही त्याच वहीत चढतो. शिवाय ते मूल कोठीवालीच्या ताब्यात राहिले म्हणजे आई पळून जाण्याचे नाव घेत नाही. अशा रीतीने मूल हेच कर्जाचे तारण बनते, आणि मुलगी मोठी झाली की कर्ज फेडण्याचे साधनही तीच ठरते. ज्या वाटेने दास्य वारशाने जाते ती वाट ही होय. कायद्याला ती सहसा दिसत नाही, कारण येथे विक्रीचा दिवस नसतो, दलाल नसतो आणि फिर्याद देणारेही कोणी नसते.

ह्या व्यापाराला भरती येते ती दुष्काळात. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांताची दैना केली, आणि अन्नाच्या शोधात बाहेर पडलेल्या निराधार मुलींना गाठून नेणारी माणसे गावोगाव हिंडू लागली. हे वर्तमान कळताच पुण्याहून एक स्त्री मध्यप्रांतात आली. ती म्हणजे पंडिता रमाबाई. स्वतः तरुण वयातच उपासमारीच्या हालांत आईबाप गमावलेल्या रमाबाईंनी ह्या प्रांतात फिरून शेकडो मुली आणि विधवा आपल्यासोबत नेल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगची धास्ती होती. म्हणून दौंडजवळच्या केडगाव येथील आपल्या जमिनीवर त्यांनी ह्या मुलींच्या राहण्याची सोय केली. १८९८ मध्ये तेथेच 'मुक्तिसदन' उभे राहिले. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' हे वेगळे घरही त्यांनी काढले. धर्मांतराच्या प्रश्नावरून रमाबाईंवर त्या काळी कडक टीका झाली, आणि तो वाद पुढेही मिटला नाही. तथापि ह्या विषयापुरते पाहिले तर त्यांच्या कार्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आलेल्या मुलींना दोन वेळचे जेवण आणि छप्पर देऊन त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखान्यातील खिळे जुळविणे अशी कामे त्यांना शिकविली गेली. सुटका झालेल्या मुलीच्या हातात कसब नसेल तर ती पुन्हा पहिल्याच बाजाराकडे ढकलली जाते, ही गोष्ट रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

दुष्काळाच्या तडाख्यावाचून, केवळ रूढीच्या बळावरही मुली ह्या वाटेला लागत. खंडोबाला वाहिलेली मुरळी, यल्लम्माला सोडलेली जोगतीण, गोव्याच्या देवळांतील भावीण, ह्या सर्वांच्या बाबतीत देवाचे नाव पुढे असे आणि भोग माणसाचा असे. येथेही आईमागून लेक हाच क्रम होता. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू करून त्यातून मुरळीच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. त्या पत्रात एका मुरळीने स्वतः आपली व्यथा लिहून पाठविली, आणि कांबळ्यांच्या एका सहकाऱ्याने तिच्याशी विवाह केला. त्या काळात अशा विवाहाला केवढे धैर्य लागले असेल, ह्याची कल्पना करता येते. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि देवाला मुलगी वाहणे गुन्हा ठरले.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे भाषण केले. वाघ्ये, मुरळ्या, पोतराज, देवदासी हेही त्या सभेस होते. समाजाबरोबर यावयाचे असेल तर हे लाजिरवाणे जिणे सोडले पाहिजे, असे त्यांनी निक्षून सांगितले. मग पोट कसे भरावे, हा श्रोत्यांच्या मनातील प्रश्न त्यांनी स्वतःच बोलून दाखविला. परंतु त्यावर उपजीविकेचे शेकडो मार्ग आहेत, एवढेच ते म्हणाले. हे उत्तर कठोर होते. ते ऐकून किती स्त्रियांना दुसऱ्या दिवशी काम मिळाले असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच. मात्र सहा वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना जो उपदेश केला तो पुढच्या पिढीविषयी होता: मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा उत्पन्न करा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. १९३६ च्या सभेत अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला नागपूरच्या परिषदेने मुलीच्या शाळेकडे बोट दाखवून उत्तर दिले, असे म्हणता येईल.

आणि नागपुरात त्या शाळेचा पाया आधीच घातला गेला होता. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी ह्यांनी तरुणपणी ओझी वाहून पोट भरले. एका मिशनरी बाईच्या साह्याने त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. परंतु अस्पृश्य शिक्षिका नको म्हणून लोकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. तेव्हा १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने स्वतःचीच मुलींची शाळा काढली. जाईबाईंची शाळा गंगा-जमुनेसाठी नव्हती. पण डोक्यावरचे ओझे आईकडून लेकीकडे जाऊ द्यावयाचे नसेल तर काय करावे लागते, ह्याचा वस्तुपाठ ह्या शहराने तिच्यात पाहिला.

हा वस्तुपाठ एका संपूर्ण समाजाने गिरविल्याचे उदाहरण गोव्यात सापडते. तेथील भाविणी, देवळी आणि कलावंत घराण्यांतील शिकलेल्या पुरुषांनी व स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत संघटना उभारली. तीच पुढे गोमंतक मराठा समाज ह्या नावाने प्रसिद्धीस आली. मुली देवाला वाहू नयेत, त्यांची रीतसर लग्ने व्हावीत, मुलामुलींनी शिकावे, हा तिचा आग्रह होता. दोन पिढ्यांत ह्या समाजातून वकील, डॉक्टर, शिक्षक आणि थोर गायक निपजले. १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर ह्याच समाजाचे होते. हा धंदा रक्तात असतो, असे म्हणणाऱ्यांना ह्याहून स्पष्ट उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदा अधिक व्यापक झाला. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मनुष्याच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी केली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४९ मध्ये केलेल्या कराराला अनुसरून १९५६ मध्ये अनैतिक व्यापाराविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला त्याचे सध्याचे नाव मिळाले. कोठी चालविणारा, दलाल, मुलगी आणणारा ह्यांना त्यात शिक्षा आहेत. पण ह्याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक विलक्षण गोष्ट आहे. वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून उपजीविका करणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती त्या कलमान्वये गुन्हेगार ठरू शकते. कलम केले दलालासाठी; परंतु त्याचे शब्द असे आहेत की, आईच्या पैशावर महाविद्यालयात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्यांच्या कक्षेत येतो. आईने अंग विकून मुलाला त्या गल्लीबाहेर काढावे, आणि तो बाहेर पडण्याच्या वयाचा होताच कायद्याने त्याच्याकडे संशयाने पाहावे, अशी ही विसंगती आहे.

नागपुरात १९८० च्या सुमारास गंगा-जमुना वस्ती उठवावी अशी मागणी जोराने पुढे आली. त्या वेळी विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोटे त्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहिले. ह्याच चळवळीच्या काळात राम इंगोले ह्या नागपूरकराचे लक्ष गल्लीतील मुलांकडे वळले. वस्ती राहो वा न राहो, ह्या मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून 'आम्रपाली उत्कर्ष संघ' आणि मुलांचे घर म्हणून 'विमलाश्रम' ह्या संस्था उभ्या राहिल्या. अशा मुलांसाठी घर काढले की पहिली अडचण पैशाची येते असे वाटेल. येथे ती शेजाऱ्यांची आली. ही मुले आपल्या वस्तीत नकोत, असे सांगणारे लोक भेटत गेले. पुढे इंगोल्यांनी शहराबाहेर पाचगावच्या बाजूस दगडखाणींतील मजुरांच्या मुलांसाठीही शाळेचे काम हाती घेतले. एका प्रकारच्या शोषणातून मुलांना सोडविणाऱ्याला दुसऱ्या प्रकारची मुले सहज ओळखू येतात, हे त्यावरून दिसते.

संघाला दिलेले आम्रपालीचे नाव नागपूरला परके नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच शहरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर बुद्धकथा येथील घराघरांत पोहोचल्या. वैशालीच्या ह्या गणिकेने बुद्धाला आपले आम्रवन अर्पण केले, एवढा कथाभाग सर्वांना माहीत असतो. बौद्ध परंपरा आणखीही सांगते की, आम्रपालीचा मुलगा आधी भिक्षू झाला आणि त्याचा उपदेश ऐकून मग तिने प्रव्रज्या घेतली. तिचे उद्गार 'थेरीगाथे'त जतन झालेले आहेत. लेकराच्या मागून आई बाहेर पडते, हा त्या कथेतील क्रम आजच्या कार्यकर्त्यांच्या अनुभवाशी जुळणारा आहे. मूल सुरक्षित झाले की त्याला तारण ठेवून आईला अडकविणारी दोरी सैल होते.

हे मूल सुरक्षित कसे करावयाचे, ह्याविषयी मात्र दोन मते होती. एक मत असे की, मुलांना आईपासून तोडून दूर ठेवावे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा व वसतिगृहे काढावीत. अशी मागणी करणारा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, न्यायालयाने १९८९ मध्ये ती अमान्य केली. वेगळ्या शाळेत घातलेल्या मुलाच्या कपाळावर तीच खूण पुन्हा उमटेल, त्यांना इतरांत मिसळू द्यावे, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. त्याच प्रकरणाच्या १९९७ च्या निर्णयात ह्या मुलांना समान संधी, प्रतिष्ठा आणि संरक्षण मिळण्याचा हक्क आहे असे सांगण्यात आले.

दुसरे मत मुंबईच्या कामाठीपुऱ्यात प्रत्यक्षात उतरले. १९८६ मध्ये तेथे सुरू झालेल्या 'प्रेरणा' ह्या संस्थेने असे पाहिले की, मुलाला सर्वांत मोठा धोका आहे तो रात्रीचा. आईचा धंदा चालतो त्या वेळी खोलीत मुलाला जागा नसते. ते रस्त्यावर असते, आणि मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की गिऱ्हाइकाची नजर तिच्याकडे वळते. म्हणून १९८८ मध्ये संस्थेने रात्रीचे पाळणाघर काढले. संध्याकाळी मुलाने तेथे यावे, जेवावे, अभ्यास करावा, झोपावे आणि सकाळी शाळेला जावे. आई मुलाला गमावत नाही. मूल रात्र गमावत नाही. इतक्या साध्या व्यवस्थेने दुसऱ्या पिढीची वाट पुष्कळ अंशी अडविता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

रात्रीच्या जोडीला येतो तो नावाचा प्रश्न. शाळेच्या दाखल्यात बापाच्या नावाची जागा रिकामी राहिली की वर्गात मूल उघडे पडते. कोल्हाटी समाजातील नाचणाऱ्या स्त्रीच्या पोटी जन्मलेले आणि पुढे डॉक्टर झालेले किशोर काळे ह्यांनी आपल्या नावात आईचे नाव घातले. किशोर शांताबाई काळे ह्या नावाने १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे आत्मकथन महाराष्ट्राने वाचले. जे नाव लपवावे असे जग सांगत होते, तेच त्यांनी मुखपृष्ठावर छापले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे आवश्यक केले आहे. ह्या नियमाचा हेतू व्यापक असला, तरी गंगा-जमुनेतील आईला त्याचे मोल अधिक कळेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार ह्यांच्या आदेशाने गंगा-जमुनेकडे जाणारे रस्ते बॅरिकेड लावून बंद करण्यात आले. वस्तीत अल्पवयीन मुली आणल्या जातात आणि गुन्हेगारीला आसरा मिळतो, ही पोलिसांची भूमिका होती. तिच्यात तथ्य नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण तेथून अल्पवयीन मुलींची सुटका वेळोवेळी झालेली आहे. दुसऱ्या बाजूला जांबुवंतरावांच्या कन्या ज्वाला धोटे ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील स्त्रिया रस्त्यावर आल्या. एका रात्रीत चूल विझली तर मुलांना घेऊन आम्ही कोठे जावे, असे त्या विचारीत होत्या. चाळीस वर्षांपूर्वीचाच वाद पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा चर्चा झाली ती बहुतांशी जागेची.

पुढील वर्षी, १९ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात सज्ञान स्त्री आणि फसवून आणलेली मुलगी ह्यांतील भेद स्पष्ट झाला. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीचा पोलिसांनी छळ करू नये. आणि आई ह्या व्यवसायात आहे एवढ्याच कारणावरून तिचे मूल तिच्यापासून तोडू नये, असे न्यायालयाने बजावले. अल्पवयीन मुलीची गोष्ट वेगळी. तिला सोडविल्यावर बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि नातेवाईक म्हणून न्यावयास येणाऱ्या माणसाची पूर्ण चौकशी करावी लागते; कारण पुष्कळदा विकणारा हाच न्यावयास आलेला असतो.

हा सर्व इतिहास एकत्र पाहिला म्हणजे दिसून येते की, सुटका एका छाप्यात होते, पण वारसा तुटावयास वीस वर्षे लागतात. त्या वीस वर्षांत मुलाला रात्री निजावयास निर्धास्त जागा, शाळेत सांगावयास नाव आणि हातात कसब हवे असते, आणि त्याच्या आईला कर्जाच्या वहीतून मोकळीक हवी असते. रमाबाईंनी, जाईबाईंनी, गोमंतकातील त्या समाजाने आणि विमलाश्रमाने ह्यांतील एकेक गोष्ट करून दाखविली आहे. चौथ्या कलमातील शब्द अद्याप तसेच आहेत. आणि अशा मुलांच्या वसतिगृहाला आपल्या गल्लीत घर भाड्याने द्यावे की नाही, हे ठरविणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. ते घरमालकाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या हाती आहे.